पिल्लं उडाली की निघते

पनवेल
रविवार, १४ मार्च २०१०

चि. अबीस जुडाचा शालोम आणि आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. वस्तुस्थिती अशी, की हल्ली मी माझ्याच घरात चोरासारखा मागच्या दाराने शिरतो. घरपट्टी मी भरतो, दाराला रंग मी दिला, दारावरच्या पाटीवर नाव माझं आहे, आणि त्या दाराखालून जायची मला बंदी आहे. या अन्यायाची दाद नगरपालिकेत मागितली असती, पण तिथले साहेब स्वतःच मागच्या दाराने जाऊन बसलेले असतात.

झालं असं, की ओटीवर दाराच्या डोक्यावर जो दिवा आहे, त्याच्या वायरच्या वेटोळ्यात बुलबुलाच्या जोडप्याने संसार थाटला. बुलबुल म्हटल्यावर तुला काहीतरी नाजूक वाटेल. तसं काही नाही. काळं तोंड, डोक्यावर न विंचरलेला तुरा, शेपटीखाली लाल ठिगळ आणि आवाज सोसायटीच्या सभेत उभा राहिलेल्या माणसाचा. घरटं वाटीएवढं. काटक्या, कोळिष्टकं आणि माझ्या बनियनचा दोरा. दोरा माझा आहे हे मी ओळखलं, कारण बनियनला भोक कुठे पडलंय ते मला ठाऊक आहे.

आईने त्याच दिवशी पुढच्या दाराला आतून अडसर घातला आणि दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. "अंडी उबवते आहे ती. डोळ्यावर उजेड नको," म्हणाली. माझ्या डोळ्यांवर अंधार चालतो. आता येणारंजाणारं सगळं मागून, म्हणजे कृष्णाबाईच्या अंगणातून. तुला आठवत असेल ती, पलीकडची कोळीण, बाजारात मासळी विकते आणि आपल्याकडे फक्त खवल्यांची मासळी आणते. कोलंबी आपल्याला धर्माने चालत नाही हे ती आपल्यातल्या काही लोकांपेक्षा कडक पाळते. परवा गॅसवाला सिलिंडर घेऊन तिच्या वाळत घातलेल्या बोंबलांवरून गेला.

"जुडाभाव," ती मला म्हणाली, "तुमच्या घरात पाखरांना दरवाजा आन मानसांना खिडकी, आसा कायदा हाय काय?"

"आईचा कायदा आहे," मी म्हटलं.

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली. आईपुढे तिचंही चालत नाही.

तू तिकिटाचं विचारलंस. पेसाहच्या सणाला आई तुमच्याकडे अश्दोदला हवी, यापुढे तिथेच राहील, मावशी रोज विचारते, सगळं समजलं. पण अगं, सध्या कसं जमायचं? आईचं म्हणणं पडलं, पिल्लं उडाली की निघते. आणि त्यात तिचं चूकही नाही. आपल्या धर्मात तशी आज्ञाच आहे, घरट्यात पिल्लं असताना आईला हलवायचं नाही. बाबांनी लहानपणी घोकून घेतली होती. मी मुंबईत इस्रायलची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत कळवून तारीख पुढे ढकलून घेतली आहे. तू काळजी करू नकोस.

हे फोनवर बोलत नाही, कारण फोन आईच्या खाटेला लागून आहे. रविवारी तू तिच्याशी बोल, मला कागद पुरे.

एलियाहूरावांना नमस्कार. लेक याएलची लष्करातली नोकरी कशी चालली आहे? आपल्या घरात बंदूक चालवणारी ती पहिलीच. आपण सगळे तोंड चालवणारे.

तुझा थोरला भाऊ,
जुडा


पनवेल
रविवार, २३ मे २०१०

प्रिय अबी,

तुझं पत्र मिळालं. 'बुलबुल किती दिवसांचा असतो' हा प्रश्न तू वळवून वळवून तीनदा विचारला आहेस. तीनपैकी दोन पिल्लं उडाली. तिसरं कावळ्याने नेलं. आई दिवसभर त्या कावळ्याला नावं ठेवत होती. कावळ्याच्या घरट्यात त्याच आठवड्यात कोकिळेने अंडं घातलं असणार, एवढंच काय ते समाधान. या गावात न्याय असाच फिरत फिरत मिळतो.

अडसर काढला. म्हटलं, चला, सुटलो. तर न्हाणीघरामागे भिंतीला जे मडकं टांगलंय, त्यात दयाळ शिरला. काळापांढरा, शेपूट उभी धरून मिरवतो. पहाटे इतकं सुरेल गातो, की त्याला शिव्या देताना लाज वाटते. त्याला भिंतीतलं भोक नाहीतर झाडाची ढोली लागते. आता पनवेलमध्ये झाडं राहिली नाहीत आणि नव्या भिंतींना भोकं पडायला अजून दोन पावसाळे जातील. त्याने बिचाऱ्याने कुठे जावं? मादी आत गवत भरते आहे. म्हणजे अजून महिना तरी गेला.

मडकं कुणी टांगलं असं तू विचारशील. मडकं होतं तिथे.

कृष्णाबाईने मला पाहिलं असावं. कुंपणावरून म्हणाली, "जुडाभाव, तुमी पाखरांसाठी मडकी बांधताव, म्हातारीला कवा इचारलं काय, तुला कुटं जायाचं हाय?"

मी म्हटलं, "आईचं सगळं मी बघतो."

"ता दिसतंय," म्हणाली आणि बोईट माशाच्या पोटात सुरी घातली.

मधे एक दिवस चिरनेरला गेलो होतो. दाजी म्हात्रे, आमच्या विमा कचेरीतला, निवृत्त होऊन तिथे आंब्याची राखण करत बसलाय. त्याने जंगलाकडेला एका जुन्या झाडावर धनेशाची ढोली दाखवली. तुला माहीत आहे का, धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोचीएवढी फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या वड, पिंपळ, ढोली अशा फेऱ्या. खंगून जातो, पण फेरी चुकवत नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं. दवाखाना, किराणा, डोळ्यांत घालायचे थेंब, दूध नासलं म्हणून पुन्हा दूध, असं माझंही चाललेलं असतं. मला मात्र कुणी दुर्बिणीतून बघत नाही.

घरी येऊन आईला हे सगळं रंगवून सांगितलं. ती भाताचं पाणी गाळत होती.

"मग ती बाहेर कधी येते?" तिने विचारलं.

"तिला वाटेल तेव्हा. आतून फोडते आणि येते."

"बाहेरून कुणी लिंपत नाही ना?"

"नाही. बाहेरून कशाला लिंपतील?"

"विचारलं आपलं," म्हणाली आणि पाणी गाळत राहिली.

तिची बॅग खाटेखालून निघून खाटेवर आली आहे. मी विचारलं, तर म्हणाली, कसर लागते, ऊन दाखवतेय. खोलीत ऊन येत नाही. असो.

मी थकलोय गं. कशाने ते विचारू नकोस. वर्तमानपत्रातलं सदर लिहायला बसलो की विमानतळावर लिहू म्हणतो. गव्हाणपासून उलव्यापर्यंत लोक विमान येणार म्हणून जमिनीचे भाव सांगतात, विमान कुठे दिसत नाही, असं काहीतरी चुरचुरीत. दोन वाक्यांनंतर पेन खाली ठेवतो. विमानावर विनोद सुचेनासे झालेत.

तारीख अजून थोडी पुढे गेली आहे. तिकिटांच्या कचेरीतली बाई चांगली आहे. 'पुन्हा?' एवढंच म्हणाली.

जुडा


पनवेल
रविवार, १५ ऑगस्ट २०१०

अबी,

तू या वेळी ना शालोम लिहिलंस, ना सा. न. 'पक्ष्यांचं पुरे. आईला यायचं नाही की तुला पाठवायचं नाही, ते एका ओळीत लिही.' वाचून मी चहा प्यायलो, नंतर अजून एक प्यायलो.

एका ओळीत लिहायचा प्रयत्न केला. होत नाही. म्हणून आधी सुगरणीचं सांगतो. रागावू नकोस, हे शेवटचं पाखरू.

विहिरीकडेच्या शिंदीवर यंदा सुगरणी आल्या आहेत. नाव बाईचं, काम सगळं बाप्याचं. पिवळ्या डोक्याचा नर गवताची पाती चिरून आणतो, विणतो, अर्धं घरटं लोंबायला लागलं की पंख फडफडवत मादीला हाका मारतो. ती येते, आत डोकावते, एखादं पातं ओढून बघते आणि निघून जाते. तो दुसरं घरटं सुरू करतो. शिंदीवर अशी अर्धी सोडलेली घरटी खूप लोंबतायत. मी लग्न केलं नाही याची कारणं लोक मला विचारतात. त्यांना आता शिंदीखाली आणून उभं करणार आहे.

तर गेल्या रविवारी मी ही शिंदी बघून आत आलो. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तुझा फोन नुकताच होऊन गेला होता. मी घरात नाही असं बघून तू तिला सरळ विचारलंस, होय ना? बरं केलंस. याएलनेही तिला काही सांगितलं होतं म्हणे, त्यामुळे आधी त्याचीच बातमी मिळाली.

"जुडा, तिकडच्या भाषेत सिपोरा म्हणजे पक्षीण. तुला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, होतं.

"एवढी वर्षं माझं नाव हाकारताय सगळे, आणि कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, मोशेच्या बायकोचं नाव, म्हणजे काहीतरी भारदस्त असेल." दोन खडे काढून तिने ताटाच्या कडेला ठेवले. मग वर न बघता म्हणाली, "पिल्लं उडाली की निघते, असं मी कधी म्हटलं रे?"

"म्हटलं असशील."

"मी म्हटलं, दिव्याला हात लावू नको. निघायचं मला कुणी विचारलंच नाही. अबीला वाटलं मी नाही म्हणते. मला वाटलं अबीकडून लांबतंय. मी म्हटलं असेल तिची अडचण, जावयाच्या घरी आपण कसं विचारायचं. पाच महिने दोघी एकमेकींची भीड धरून बसलोय."

मग मला आधार सुचला. माझ्यासारख्या माणसाला अडचणीत नेहमी धर्म सुचतो. म्हटलं, "अगं, पण आज्ञाच आहे ना. घरट्यात पिल्लं असताना आईला हलवू नये."

तिने ताट खाली ठेवलं.

"बाबांनी तुला घोकायला लावलं ते कुठल्या कानाने ऐकलंस? वाटेत घरटं सापडलं, तर पिल्लांवर बसलेल्या आईला धरू नये. आईला आधी सोडावी. पिल्लं हवी तर ठेवून घ्यावी. असं आहे ते."

"म्हणजे उलटं आहे?"

"ते सरळ आहे. उलटं तू केलंस."

मी म्हटलं, "आणि पिल्लू पंचावन्न वर्षांचं असलं तर?"

"तर त्याने आपला भात आपण लावावा," म्हणाली, आणि पुन्हा ताट मांडीवर घेतलं. हसली नाही. माझं सदर वाचून दाखवल्यावर करते तसं तोंड केलं. 'यात हसायचं कुठे?' असं विचारायच्या आधीचं.

मग बराच वेळ बोलली. मावशीबद्दल. एकोणीसशे चौसष्टात मावशी बोटीवर चढली तेव्हा दोघी धड बोलल्याही नव्हत्या. भांडण कशावरून, तर आजीची तांब्याची परात कुणी न्यायची. मावशीने नेली. आई म्हणाली, "तिला मी पत्रातून माफ केलंय, त्याला काय लागतं. समोर बसून एकदा चांगलं भांडायचंय. दोघींपैकी एकीला ऐकू येईनासं व्हायच्या आत." आणि मग, "इथे मला कुठे दुखत नाही, जुडा. तू काही कमी करत नाहीस. पण तू मला जपतोस ना, ते असं जपतोस की मी कुठे ठेवली आहे ते मलाच सापडत नाही."

तर अबी, ही घे तुझी ओळ. आईला यायचं होतं, मी पाठवत नव्हतो.

तारखा मी पुढे ढकलल्या. मडकं मी टांगलं, दयाळ यावा म्हणूनच टांगलं. आईच्या तोंडचं वाक्य मी लिहिलं. सदर लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या तोंडात वाक्य घालायची सवय असते, पण ते वाक्य इतकं तिच्यासारखं जमलं होतं, की पुढे पुढे मलाही ती खरंच तसं म्हणाली होती असं वाटायला लागलं.

कारण विचारशील. मोठं काही नाही. कचेरीतून आलो की 'आज उशीर झाला' असं कुणीतरी म्हणतं, ते जाईल. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष भरत नाहीत म्हणून आम्ही तासन्‌तास दाराकडे बघत बसतो; घरी यायचं तर तिथेही पुन्हा मोजणीच, आणि ती एकावर थांबणार. दर उन्हाळ्यात कुणीतरी निघतं आणि मी निरोपाच्या जेवणाला भाषण करतो. विनोदी करतो. माझ्याच घरी ते भाषण कसं करायचं, हे मला जमेना.

तू मला येतोस का म्हणून विचारू नकोस. तिकडे जाऊन मी कुणाची टिंगल करणार? त्यांची भाषा शिकेपर्यंत माझे दात पडतील.

आईची तारीख पक्की कर. सप्टेंबरातलं आपलं नवं वर्ष आणि सगळे सण इथे करू दे तिला, ते झाले की लगेचची. या वेळी मी हात लावणार नाही.

जुडा


पनवेल
रविवार, १७ ऑक्टोबर २०१०

प्रिय अबी,

आई पोचली, मावशीशी भांडण सुरू झालं, परात अजून वापरात आहे आणि तिला पोचे पडलेत, एवढं सगळं फोनवर कळलं. मागून मावशीचा आवाजही ऐकू आला. दोघींना अजून चांगलं ऐकू येतं आहे.

निघण्याच्या दिवसाचं आई तुला नीट सांगणार नाही, म्हणून लिहितो.

कृष्णाबाईचा प्रणित गाडी घेऊन आला. आईने सगळ्या घरातून एक फेरी मारली, कुठेच थांबली नाही. देवघर असतं तर तिथे थांबली असती. आपल्याकडे ती सोय नाही. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, त्या वचनांच्या डबीला, बोटं लावून ओठांना लावली आणि मला म्हणाली, "डाळ भिजत घातलीय, विसरू नको." मी भाषण तयार ठेवलं होतं. ते डाळीत गेलं.

गाडी निघायच्या वेळी कृष्णाबाई धावत आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली शाल. तांबडी, जरीच्या काठाची. तिच्या मच्छीमार संस्थेने एका वर्षी जुन्या विक्रेत्या बायांचा सत्कार केला होता, त्यातली. तिच्या जन्मात तिला मिळालेला सत्कार तेवढाच. पिशवीतून कधी बाहेर काढली नव्हती. ती तिने गाडीच्या खिडकीतून आईच्या खांद्यावर टाकली.

"इमानात लय गारठा आसतो म्हनतान. घ्या, सिपराताई."

आई म्हणाली, "अगं, ही तुझी मानाची."

"मान मंग काय पेटीत ठेवून कुजवू?" म्हणाली. "तिकडं गेल्यावं कुनी इचारलं तं सांगा, पनवेलच्या कोलनीनी दिली." आणि माझ्याकडे वळून, "बगत काय ऱ्हायलाव, बसा गाडीत."

आई ती शाल पांघरूनच विमानात चढली. तू विमानतळावर तिला पाहिलंस तेव्हा अंगावर तीच असेल. मी काचेबाहेरून तांबडा रंग दिसेनासा होईपर्यंत बघितला, मग प्रणित म्हणाला, "काका, आता दुसऱ्या कुनाची तरी म्हातारी दिसते ती," म्हणून परत फिरलो.

घरी सध्या शांत आहे. हे दिवस पाखरांच्या घरट्यांचे नव्हेत. आता ती खातात आणि हिंडतात. अंगणात परीट आलाय. राखाडी, बारीक, चालताना सारखी शेपूट वरखाली करतो. हिमालयापलीकडून कुठूनसा येतो आणि थंडी संपली की जातो. इथे घरटं करत नाही. त्याला बघून मी काही धडा वगैरे घेतला नाही. तो आपला चिखलात किडे शोधत असतो, मी आपला चष्मा.

भात मी लावतो. पहिल्या दिवशी दोघांचा लागला. नंतर हात आवरला.

कपाट आवरताना माझ्या शाली निघाल्या. लेखकाला घरात काही नसलं तरी शाली असतात. वाचनालयाने दिलेली, विनोदी लेखनाच्या संमेलनातली, आणखी कुठली. शालींवर मी एक अख्खं सदर लिहिलं होतं. सत्कारमूर्तीला थंडी वाजते ती भाषणांनी, असं काहीतरी. त्यांतली संमेलनातली जांभळी बरी आहे, कसर लागलेली नाही, किंमत अध्यक्षांना साजेशी आहे. ती काढली. आतल्या बाजूला माझ्या नावाची चिठ्ठी टाचलेली होती, ती उसवली.

कृष्णाबाई बाजारात गेली होती. तिच्या ओटीवर दोरीला तिची लुगडी वाळत होती, त्यांच्यात ती शाल नीट दुमडून टाकली आणि मागच्या मागे परत आलो.

संध्याकाळी कुंपणापलीकडे ती बांगडे साफ करत बसली होती, खांद्यावर जांभळी शाल. ऑक्टोबरच्या उकाड्यात. घाम पुसत होती, पण काढत नव्हती. माझ्याकडे बघितलं, खवले काढत राहिली. जरा वेळाने प्रणित दोन बांगडे देऊन गेला.

शालीचं आईला सांगू नकोस. तिला वाटेल मी सुधारलो, आणि मग ती उगाच परत यायची.

रेशनकार्डावर अजून दोन माणसांत मोजला जाणारा,
तुझा जुडा